खाकी साडी

१९४१ च्या डिसेंबरांत, ७ आणि ८ तारखांच्या मधल्या रात्रीं, जपानी सैन्य मलायाच्या किनाऱ्यावर कोटा भारू येथें उतरलें. तेथील विमानतळाच्या रक्षणासाठीं जीं पथकें नेमलेलीं होतीं, त्यांत निजामाच्या संस्थानी फौजेचें पहिलें हैदराबाद पायदळ होतें. औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपती संभाजीनगर, हें त्या वेळीं निजामाच्या राज्यांतलें शहर. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी मीटर-गेज आगगाडी १९०० सालापासून या शहरावरून धांवत असे. येथली छावणी तर तिच्याहूनहि जुनी. पलटण, परेड, रजा, पेन्शन हे शब्द येथल्या घरांतून इतके रुळले होते कीं, ते परके आहेत याची कोणाला आठवणहि उरली नव्हती. पण हे सारे शब्द पुरुषांचे. फौजेंत जाई तो मुलगा; मागें राही ती त्याची आई, बहीण अगर बायको. तिच्या वांट्यास मनिऑर्डर यावयाची, पत्र यावयाचें, किंवा कांहींच यावयाचें नाहीं.

ही जुनी वांटणी पुढच्या सहा महिन्यांत मोडली. ती कायमची कां मोडली नाहीं, हा प्रश्न मात्र पुढें पन्नास वर्षें तसाच राहिला.

१९४२ च्या १५ फेब्रुवारीस सिंगापूर पडलें, मार्चमध्यें रंगून गेलें. ५ एप्रिलला कोलंबोवर बाँब पडले आणि दुसऱ्याच दिवशीं विशाखापट्टण व काकिनाडा येथें. युद्ध ही वर्तमानपत्रांत वाचावयाची गोष्ट राहिली नाहीं. तें दाराशीं आलें. हिंदी सैन्य तर झपाट्यानें फुगत चाललें होतें. सक्तीची भरती नसतांना तें पुढें वीस लाखांच्या वर गेलें. इतकें मोठें सैन्य केवळ बंदुकीवर चालत नाहीं. त्याला पगारपत्रकें लागतात, कोठारांच्या नोंदी लागतात, सांकेतिक तारा लिहावयास आणि उलगडावयास माणसें लागतात, टेलिफोनच्या फळीपुढें रात्रभर जागणारें कोणी तरी लागतें. या कामांवर बसलेला प्रत्येक धडधाकट पुरुष आघाडीवर एक कमी, असा सरकारी हिशेब होता. त्या हिशेबांतून १९४२ च्या मे महिन्यांत ‘विमेन्स ऑक्झिलियरी कोअर, इंडिया’ हें दल जन्मास आलें. मराठींत त्याला महिला सहायक दल म्हणावें. हा ‘सहायक’ शब्द वाचकांनीं लक्षांत ठेवावा.

फौजेंत तोंपर्यंत स्त्री अगदींच नव्हती असें नाहीं. २८ मार्च १८८८ रोजीं दहा शिकलेल्या परिचारिका विलायतेहून मुंबई बंदरांत उतरल्या आणि या देशांतील लष्करी शुश्रूषेची परंपरा तेथून सुरू झाली. १९२६ मध्यें हिंदी लष्करी परिचारिका सेवा रीतसर स्थापन झाली. मराठी मुलूख या कामाला अपरिचित नव्हता. पुण्याच्या सेवासदनानें रमाबाई रानड्यांच्या देखरेखीखालीं ससून रुग्णालयांत मुलींना, त्यांत विधवांनाहि, परिचारिकेचें शिक्षण मिळवून दिलें होतें. परंतु रोग्याची सेवा हें काम कितीहि कठीण असलें तरी समाजाच्या मनांत तें घरच्याच कामाचें विस्तारलेलें रूप होतें. आजाऱ्याच्या उशाशीं स्त्री बसली तर कोणाला नवल वाटत नाहीं. ती सेनाकचेरींत टंकयंत्रापुढें किंवा सैन्याच्या मोटारीच्या चाकामागें बसली म्हणजे मग माना वळतात.

नव्या दलांत प्रवेशाचें वय आरंभीं अठरा होतें. डिसेंबर १९४२ मध्यें तें सतरावर आणलें. अधिकारी स्त्रियांच्या पदव्या, ज्युनियर कमांडर, सीनियर कमांडर इत्यादि, विलायतेंतील स्त्रियांच्या दलावरून घेतलेल्या होत्या. विलायतेशीं साम्य येथेंच संपतें. तिकडे डिसेंबर १९४१ मध्यें कायदा होऊन वीस ते तीस वयाच्या अविवाहित स्त्रियांना राष्ट्रसेवेस बोलावणें येऊं लागलें होतें. इकडे सारा मामला खुषीचा होता. आणि खुषी कोणाची, मुलीची कीं घरच्यांची, हें सांगणें कठीण.

नांव नोंदवितांना दोन प्रकारच्या अटींतून एक पत्करावी लागे. स्थानिक सेवा पत्करली तर आपल्याच शहरांत काम. सर्वसाधारण सेवा पत्करली तर हिंदुस्थानांत कोठेंहि बदली. कागदावर ही एका ओळीची बाब. घरांत मात्र सगळा वाद याच ओळीवर. मुंबई-पुण्याच्या मुलीला स्थानिक सेवेंत सकाळीं घरून निघून संध्याकाळीं घरीं परततां येई. शेजाऱ्यांनीं विचारलें तर ‘ऑफिसांत जाते’ एवढें सांगून भागे, आणि तें खोटेंहि नसे. बदलीची सेवा पत्करली कीं वसतिगृह आलें, सामाईक भोजनगृह आलें, परप्रांतांतल्या आणि परधर्माच्या मुलींशेजारीं खाट आली. कोणाच्या हातचें खावें, सोंवळें कोठें ठेवावें, चातुर्मास कसा पाळावा, या प्रश्नांना सैन्याच्या नियमपुस्तकांत उत्तर नव्हतें. शिवाय लग्नाचा प्रश्न उरेच. सतरा-अठरा हेंच तर स्थळें पाहण्याचें वय. लष्करांत राहून आलेली मुलगी पाहावयास कोण येणार, ही आईची धास्ती कोणत्याहि भरतीच्या जाहिरातीपेक्षां जोरदार होती.

औरंगाबादच्या मुलीची वाट याहून लांबची. शाळा होत्या, १९२३ पासून इंटरमिजिएट कॉलेजहि होतें. परंतु उस्मानिया विद्यापीठाच्या रीतीप्रमाणें वरचें शिक्षण उर्दूंतून. सैन्याच्या कचेऱ्यांचा कारभार इंग्रजींत. तेथून मनमाडास जाऊन गाडी बदलावयाची आणि मुंबईस अगर पुण्यास राहावयाचें, म्हणजे पहिल्याच पावलाला घर सुटलें. स्थानिक सेवेची सोय खऱ्या अर्थानें मोठ्या शहरांतल्या मुलींचीच होती.

म्हणून या दलांत मोठा भरणा झाला तो अँग्लो-इंडियन स्त्रियांचा. रेल्वेच्या कचेऱ्यांतून व टेलिफोनच्या केंद्रांतून त्या आधींपासून काम करीत असत. इंग्रजी त्यांची घरची भाषा. पुरुषांबरोबर एका दालनांत बसण्याचें त्यांना नवें नव्हतें. युद्ध संपेपर्यंत दलांत एकंदर सुमारें ११,५०० स्त्रियांनीं नांवें नोंदविलीं. वीस लाखांवरच्या पुरुषांपुढें हा आंकडा लहानच. साधारण दोनशें पुरुषांमागें एक स्त्री. पण आंकड्याच्या लहानपणावरून धैर्याचें माप काढूं नये. अँग्लो-इंडियन मुलगी नोकरी बदलत होती. मराठी, बंगाली किंवा मद्रासी घरांतली मुलगी सारें जग बदलत होती.

ती गेली कशासाठीं? देशभक्ति हें उत्तर त्या काळीं सरळ देतां येत नसे, त्याचा विचार पुढें येईलच. कांहींचे भाऊ वा पति सैन्यांत होते. कांहींना कचेरी आणि स्वतःचा पगार यांची ओढ होती. आणि महागाई तर कोणाचीच वाट पाहत नव्हती. मे १९४३ मध्यें मुंबईंत धान्याचें रेशनिंग सुरू झालें. त्याच वर्षीं बंगालमध्यें दुष्काळानें लाखों माणसें मेलीं. शिकलेल्या मुलीला तोंपर्यंत शिक्षिका किंवा परिचारिका यांखेरीज वाटा थोड्या. घरांत एक मिळवतें माणूस वाढणें ही गोष्ट मध्यम स्थितींतल्या कुटुंबाला सोंवळ्याओंवळ्याचा फेरविचार करावयास लावण्याइतकी मोठी होती. इतिहासकार याला क्षुल्लक कारण समजतात. ज्यांनीं घर चालविलें आहे ते समजणार नाहींत.

कामाचें स्वरूप आरंभीं कारकुनी आणि घरगुती, असेंच ठरलेलें होतें. पण युद्धाची गरज नियमांपेक्षां वेगानें चालते. टंकलेखन आणि हिशेब यांबरोबर टेलिफोन, बिनतारी संदेश, सांकेतिक लिपी, कोठारांची व्यवस्था, वाहनें चालविणें अशीं कामें एकामागून एक स्त्रियांकडे आलीं. दलाला विमानदळाची एक स्वतंत्र शाखा जोडलेली होती. तिच्यांतील स्त्रिया विमानतळांवर आणि विमानदळाच्या मुख्य कचेऱ्यांत स्विचबोर्ड सांभाळीत. आरमाराची शाखा प्रथम याच दलांत होती. १९४४ मध्यें ती वेगळी होऊन ‘विमेन्स रॉयल इंडियन नेव्हल सर्व्हिस’ हें निराळें दल झालें.

स्विचबोर्डावरचें काम दिसावयास सोपें. कानाला यंत्र लावलेली स्त्री समोरच्या भोकांतून दोऱ्यांच्या खुंट्या काढते आणि घालते, एवढेंच पाहणाराला दिसे. परंतु त्या खुंटीच्या एका टोकाला सेनाधिकारी आणि दुसऱ्या टोकाला विमानतळ असला म्हणजे चुकीला जागा राहत नाहीं. जें कानांवर पडतें तें तेथेंच सोडून उठावें लागतें. सांकेतिक तारा उलगडणाऱ्या मुलीची स्थिति याहून अवघड. एखादी पलटण कोठें निघाली, कोणतें जहाज केव्हां लागणार, हें तिला ठाऊक. घरीं आल्यावर आई विचारी, ‘आज काय केलेंस?’ आणि तिला ‘कांहीं विशेष नाहीं’ म्हणावें लागे. बायकांच्या पोटांत गोष्ट राहत नाहीं, असें म्हणणाऱ्या समाजानें आणि सरकारनेंहि लष्करांतलीं गुपितें बायकांच्या हवालीं केलीं, आणि तीं त्यांनीं सांभाळलीं. या मौनाचा एक तोटा झाला. ज्या कामाविषयीं बोलावयाचें नाहीं, त्याच्या आठवणी पुढच्या पिढीला कोण सांगणार?

पोशाखाचा प्रश्न वरवर लहान, पण त्यांत बरेंच कांहीं गुंतलेलें होतें. इंग्रज आणि अँग्लो-इंडियन स्त्रिया खाकी स्कर्ट घालीत. हिंदी स्त्रीला खाकी साडीची मुभा मिळाली. साडी नेसून सलाम कसा करावा, संचलनांत निऱ्या कशा सांवराव्या, पदर कोठें खोंचावा, हे प्रश्न विनोदी वाटतील. सैन्यानें मात्र ते गंभीरपणें सोडविले, कारण मुलगी साडींत आली नाहीं तर येणारच नाहीं, हें त्याला कळून चुकलें होतें. समाजसुधारकांनीं पन्नास वर्षें ज्यावर वाद केला, तें एका गणवेशाच्या हुकुमानें निकालांत निघालें: साडी नेसणारी स्त्री घराबाहेर शिस्तीचें काम करूं शकते. १९४५ च्या उन्हाळ्यांत आरमारी दलाच्या सेकंड ऑफिसर कल्याणी सेन, उपसंचालिका मार्गारेट कूपर यांच्याबरोबर, तेथील आरमारी स्त्रियांचें शिक्षण व व्यवस्था पाहण्यासाठीं विलायतेस गेल्या. जून महिन्यांत स्कॉटलंडच्या रोझाइथ बंदरांत त्यांचें छायाचित्र घेतलें गेलें. तें आजहि पाहावयास मिळतें. पुरुषांबरोबर स्त्रियांनीं काम करण्याविरुद्ध हिंदुस्थानांत मोठा पूर्वग्रह आहे, पण सेवेंत येण्याची मुलींची उत्कंठाच तो मोडून काढीत आहे, असें त्यांनीं तेथें सांगितलें.

आतां देशभक्तीचा प्रश्न. महिला सहायक दल निघालें तें मे महिन्यांत. त्याच वर्षींच्या ८ ऑगस्टला मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावर ‘चले जाव’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं, पुढारी पकडले गेल्यावर, अरुणा असफ अली यांनीं तेथें झेंडा उभारला. काँग्रेस कार्यकारिणीला अहमदनगरच्या किल्ल्यांत ठेवण्यांत आलें. औरंगाबादेहून तो किल्ला सत्तरेक मैलांवर, आणि भोंवतालीं लष्कराची मोठी छावणी. राष्ट्राचे पुढारी तटाच्या आंत, सम्राटाचें सैन्य बाहेर: अशा दिवसांत मराठी मुलीनें खाकी नेसावी कीं खादी? मुंबईंतच उषा मेहता आणि त्यांचे सोबती ऑगस्टपासून नोव्हेंबरांत पकडले जाईपर्यंत जागा बदलून बदलून काँग्रेसचा गुप्त रेडिओ चालवीत होते. एकाच शहरांत एक शिकलेली तरुणी सरकारचे बिनतारी संदेश उलगडत होती आणि दुसरी सरकारविरुद्ध बिनतारी संदेश सोडीत होती. दोघींची कला एक, एकाग्रता एक, दोघींच्याहि घरीं जागरण करणाऱ्या आया. पुढें इतिहासानें दुसरीचें नांव ठेविलें, आणि तें योग्यच झालें. पहिलीला देशद्रोही ठरविणें मात्र अन्यायाचें होईल. जपान दाराशीं आलेलें असतांना देशाचें रक्षण व राजसत्तेची चाकरी यांत रेघ कोठें ओढावी, याचें उत्तर मोठमोठ्या पुढाऱ्यांनाहि एकमतानें देतां आलें नव्हतें.

१९४३ च्या जुलैंत सिंगापूरला सुभाषचंद्र बोसांनीं झाशीच्या राणीच्या नांवानें स्त्रियांची पलटण उभारण्याची घोषणा केली, आणि ऑक्टोबरांत डॉ. लक्ष्मी यांच्या नेतृत्वाखालीं तिचें शिक्षण सुरू झालें. त्या पलटणींत स्त्रीच्या हातीं बंदूक दिली होती. सहायक दलांत तिच्या हातीं लेखणी आणि टेलिफोन. स्वतंत्र भारताच्या स्मरणांत बंदूकवाल्या राहिल्या.

लेखणी आणि टेलिफोन म्हणजे सुरक्षितपणा, असेंहि नव्हे. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. त्यांत कापसाच्या गाठींसोबत सुमारें १,४०० टन स्फोटकें भरलेलीं होतीं. दुपारीं चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानें दुसरा. शेकडों माणसें ठार झालीं, गोदीजवळच्या वस्त्या भस्म झाल्या. मुंबईवर शत्रूचा एक बाँब पडला नाहीं, तरी त्या दिवशीं आघाडी आणि पिछाडी यांतलें अंतर नाहींसें झालें होतें. देवळालीची सैनिकांची छावणी, खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना, पुण्याच्या लष्करी कचेऱ्या, मुंबईचीं बंदरें, अशा साऱ्या मराठी मुलुखावर त्या वर्षांत युद्धाची पिछाडी पसरलेली होती.

ऑगस्ट १९४५ मध्यें युद्ध संपलें. पुरुष परत येऊं लागले आणि सहायक दलाचा मूळ हिशेब पुन्हा पुढें आला. स्त्रीला घेतलें होतें तें एका पुरुषाला मोकळें करण्यासाठीं. तिचें काम किती चांगलें झालें हें विचारावयाचें कोणी मनांतच आणलें नव्हतें, तिच्यामुळें किती पुरुष सुटले एवढेंच मोजावयाचें होतें. पुरुष परतल्यावर ती जागा त्याची. आरमारांत १८ फेब्रुवारी १९४६ रोजीं मुंबईच्या ‘तलवार’ या संदेशशाळेंतून बंड पेटलें, सैन्याची फाळणी जवळ आली, आणि त्या गडबडींत १९४७ मध्यें महिला सहायक दल विसर्जित झालें. त्याविषयीं मोठासा वादहि झाल्याचें दिसत नाहीं.

परिचारिकांचें काय झालें, तें येथें ताडून पाहण्यासारखें आहे. १९४३ च्या वटहुकुमानें त्यांना सनदी अधिकाऱ्यांचा दर्जा मिळाला होता; युद्धानंतर त्यांची सेवा चालूच राहिली. कारण उघड आहे. ती जागा पुरुषाची समजलीच जात नव्हती, तेव्हां परत मागावयास कोणी आलें नाहीं. विलायतेंतहि स्त्रियांचें दल ‘सहायक’च होतें, पण तेथें १९४९ च्या फेब्रुवारींत त्याला कायम सैन्यांत सामावून घेतलें. स्वतंत्र भारतानें उलट वाट धरली. १९५० च्या सैन्य-कायद्याच्या बाराव्या कलमानें, सरकार अधिसूचनेनें जीं दळें मोकळीं करील तेवढीं सोडून, नियमित सैन्यांत स्त्रीला भरती होण्यास अपात्र ठरविलें. मतदानाचा समान हक्क देणाऱ्या राज्यघटनेच्याच वर्षीं हें कलम आलें.

त्याच्या दोनच वर्षें आधीं, १९४८ च्या सप्टेंबरांत, भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानांत शिरलें आणि चार-पांच दिवसांत निजामाची सत्ता संपली. त्या पूर्वींच्या लढ्यांत मराठवाड्याच्या स्त्रियांनीं निरोप पोंचविले, हत्यारें लपविलीं. त्यावेळच्या औरंगाबाद जिल्ह्यांतील धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांनीं तर शस्त्र चालविण्याचें शिक्षण घेतलें. त्यांना कोणी गणवेश दिला नव्हता, पगार तर नाहींच. खाकी साडी नेसलेलीचें नांव निदान एका सरकारी पटावर तरी होतें; या स्त्रियांचीं नांवें गांवकऱ्यांच्या तोंडीं राहिलीं.

बाराव्या कलमाचें कुलूप उघडावयास १९९२ साल उजाडलें. त्या वर्षींच्या जानेवारींत निघालेल्या अधिसूचनेनें टपाल, कायदा, शिक्षण, पुरवठा अशा शाखा स्त्री-अधिकाऱ्यांना मोकळ्या झाल्या, त्याहि आरंभीं पांच वर्षांपुरत्या. नावें पाहिलीं तर १९४२ च्या यादींतलींच कामें बरीचशीं! कायम सनदेचा हक्क व्यापक प्रमाणांत मिळाला तो सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२० च्या निकालानें.

औरंगाबादेंत १९७७ पासून महाराष्ट्र सरकारची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था आहे. मराठी मुलगे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींत जावेत, यासाठीं ती निघाली. मुलींसाठीं तशी संस्था नाशिक येथें सुरू झाली ती २०२३ मध्यें. ३० मे २०२५ रोजीं खडकवासल्याच्या प्रबोधिनींतून सतरा मुलींची पहिली तुकडी मुलग्यांबरोबर संचलन करून बाहेर पडली.